दोन पत्ते, एक फाइल: डेबियनच्या टेक्निकल कमिटीस आणि मेंटेनरांस खुले पत्र

प्रति,
डेबियनची टेक्निकल कमिटी,
डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाचे मेंटेनर,
आणि फाइलींची मांडणी बदलायचा आग्रह धरणारे सर्व पॅकेज मेंटेनर यांस,

स. न. वि. वि.

डेबियन ही तुम्ही स्वयंसेवकांनी घडवलेली लिनक्स प्रणाली. 2025 मध्ये तिच्यातल्या /रन/लॉक या एका लहानशा डिरेक्टरीवरून तुमच्यात पुन्हा जुंपली आणि प्रकरण पुन्हा, असे तंटे सोडवणाऱ्या टेक्निकल कमिटीपुढे गेलं. यंत्र सुरू करून त्यावरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडी या प्रोग्रामच्या 258 व्या आवृत्तीने तिथे कुणालाही लिहायची असलेली मुभा काढून घेतली होती. सीरियल पोर्टवर बोलणारे जुने प्रोग्राम आपली लॉक-फाइल (पोर्ट वापरात असल्याची खूण) तिथेच ठेवतात. डेबियनमध्ये सिस्टिमडीचं पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरांनी सिस्टिमडीच्या मूळ प्रकल्पाची री ओढली आणि कमिटीने त्यांचा निर्णय फिरवला. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती निकालापर्यंतच्या वाटेबद्दल, कारण ही वाट /यूएसआर एकत्रीकरणाच्या वेळी, म्हणजे /बिन, /लिब वगैरे डिरेक्टरी /यूएसआरमध्ये मिसळल्या तेव्हा, आम्ही अख्खी बघितली आहे. तेव्हा आम्ही वापरणारे गप्प राहिलो. मेंटेनर मंडळी जाणती आहेत, त्यांचं ते बघून घेतील असं वाटलं होतं. आता गप्प राहावत नाही.

मी सांगलीत राहतो. शाळा-महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा, एक-दोन पतसंस्थांचे सर्व्हर, एक छापखाना, हे माझं गिऱ्हाईक. यंत्रं बहुतेक जुनी. त्यांवर डेबियन घालून आणखी काही वर्षं चालवायची हाच धंदा. मी डेबियनचा डेव्हलपर नाही, तुमच्या मतदानात मला मत नाही. पण काही पॅकेजं, म्हणजे यंत्रावर बसवायच्या फाइलींचे गठ्ठे, मी स्वतः बांधतो: प्रयोगशाळेच्या सेटिंगचं एक, मराठी कीबोर्ड आणि फॉन्टचं एक, निविदा भरायला लागणाऱ्या डिजिटल सहीच्या टोकनसाठी यूडेव्हचे (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या सेवेचे) नियम टाकणारं एक. तुमच्या संग्रहात नसलेली, पण तुमच्याच पायावर उभी असलेली ही पॅकेजं. अशी पॅकेजं बांधणारे आमच्यासारखे लोक जगभर आहेत, आणि तुमच्या चर्चेत नेमके तेच नसतात.

या पत्राचा इंग्रजी मजकूर कमिटीच्या सार्वजनिक पत्त्यावर मी वेगळा पाठवतोच आहे. मराठीत लिहितोय ते इकडे डेबियन वापरणाऱ्या, उद्या कदाचित तुमच्यात सामील होणाऱ्या मुलामुलींनी वाचावं म्हणून. त्यामुळे तुम्हाला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगतो, तेवढ्या सोसून घ्या.

बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-11 वर युनिक्स घडवत होते तेव्हा, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, पहिली डिस्क भरली. मग प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर गेले. त्या डिस्कवर वापरणाऱ्यांच्या फाइली असत आणि तिचं नाव होतं /यूएसआर. जागेच्या टंचाईतून झालेल्या या वाटणीला पुढे शास्त्राचा दर्जा मिळाला. बूट व्हायला लागेल ते /बिन, /एसबिन आणि /लिबमध्ये, बाकीचं /यूएसआरच्या पोटात. पुढे डिस्क मोठ्या झाल्या. बूट होतानाच्या पहिल्या क्षणांत काम करणारी इनिट्रॅमएफएस आली आणि ती /यूएसआरसुद्धा तिथल्या तिथे जोडू लागली. वाटणीचं कारण उरलं नाही. उलट यूडेव्हचा एखादा नियम /यूएसआरमधला प्रोग्राम /यूएसआर जोडण्याआधीच हाक मारायचा, असले घोटाळे व्हायला लागले. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने 2012 च्या मे महिन्यात, 17 व्या आवृत्तीत, हे प्रकरण मिटवलं: सगळं /यूएसआरमध्ये हलवलं, आणि /बिन म्हणजे /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारी सिमलिंक, बस्स.

तेव्हा एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. एकत्रीकरण व्हायला हवं होतं, असंच माझं मत आहे. वाटणी ठेवा म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही.

डेबियनला मात्र हे फेडोराइतकं सोपं नव्हतं, आणि त्याचं कारण आळस नव्हे. फेडोराचं पॅकेज बसवणारं साधन आरपीएम हे दोन पत्ते ताडून पाहताना त्यांमागची डिरेक्टरी खरोखर एकच आहे का ते तपासतं. डीपीकेजी तसं करत नाही. त्याच्या लेखी पत्ता म्हणजे अक्षरांची ओळ. /बिन/अमुक वेगळं, /यूएसआर/बिन/अमुक वेगळं. सातबाऱ्यावर दोन गट नंबर आणि जागेवर शेत एकच, अशी ही गत. आणि इथे तलाठी कागद बघूनच नांगर फिरवतो.

नांगर फिरतो तो असा. समजा पॅकेज 'अ' मध्ये /बिन/अमुक ही फाइल आहे. नव्या आवृत्तीत ती फाइल 'ब' या दुसऱ्या पॅकेजात गेली, आणि जाता जाता तिचा पत्ता /यूएसआर/बिन/अमुक झाला. मेंटेनरने नियमाप्रमाणे 'ब' मध्ये लिहिलं की हे पॅकेज 'अ' च्या फाइलीची जागा घेतं. अपग्रेड सुरू होतं. 'ब' उलगडतं, फाइल /यूएसआर/बिनमध्ये येऊन बसते. मग 'अ' ची पाळी. डीपीकेजी आपल्या नोंदींची वही उघडतं: जुन्या 'अ' मध्ये /बिन/अमुक होतं, नव्यात नाही, दुसऱ्या कुठल्या पॅकेजाच्या नावावर हा पत्ता नाही, म्हणजे पुसायला हरकत नाही. पुसतं. आणि /बिन ही सिमलिंक असल्यामुळे पुसली जाते ती आताच आलेली, 'ब' ची फाइल. चूक दाखवणारी एक ओळही पडद्यावर येत नाही. दोन्ही पॅकेजं 'बसवली आहेत' असंच वही सांगत राहते.

याहून मला जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण मॉली-गार्डचं. लांबच्या सर्व्हरवर एसएसएचने (दुरून जोडणी करून) आत गेलेल्या माणसाने आपलं समजून भलतंच यंत्र बंद करू नये, म्हणून हे छोटं पॅकेज शटडाउन आणि रीबूट या आज्ञा अडवतं आणि यंत्राचं नाव टाइप करायला लावतं. नाव चुकलं तर यंत्र बंद होत नाही. त्यासाठी ते डीपीकेजीला सांगून ठेवतं की /एसबिनमधल्या या फाइली बाजूला सरकव, तिथे माझ्या बसतील. आता सिस्टिमडीच्या पॅकेजने त्याच आज्ञा /यूएसआर/एसबिन या पत्त्यावर नेल्या, की सरकवण्याची ती नोंद जुन्याच पत्त्याची राहते. पत्ता जुळत नाही, नवी फाइल सरळ पहारेकऱ्याच्या डोक्यावर येऊन बसते. ज्याने पहारा म्हणून पॅकेज बसवलं त्याला पहारा उठल्याचं कळणार कधी, तर यंत्र बंद पडल्यावर. ज्यांचे सर्व्हर दुसऱ्या गावात कुलूपबंद खोलीत असतात त्यांना या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको.

म्हणजे डीपीकेजीच्या मेंटेनरांचा मूळ आक्षेप खरा होता. डिरेक्टरीला टोपणनाव देऊन सगळं एका फटक्यात हलवणं हे त्यांच्या साधनाच्या पायालाच धक्का देणारं होतं, आणि ते त्यांनी वेळेवर सांगितलंही होतं. त्यांचा पर्याय असा: एकेक पॅकेज आपल्या फाइली स्वतः हलवेल आणि जुन्या जागी गरज असेल तिथे फाइलीपुरती सिमलिंक ठेवेल. हळू, पण वहीत बसणारं. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नव्हतं. अशा हळू वाटेने हजारो पॅकेजांच्या रहाटगाडग्यात दहा वर्षं गेली असती, आणि तोवर मूळ प्रकल्प डेबियनसाठी थांबले नसते. सिस्टिमडीने 2023 च्या डिसेंबरात, 255 व्या आवृत्तीत, एकत्र न केलेल्या /यूएसआरचा आधार काढून टाकला, हे त्याचं उदाहरण.

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. तरी डेबियनच्या बस्टर या आवृत्तीपासून ट्रिक्सी या आवृत्तीपर्यंत, 2019 च्या जुलैपासून 2025 च्या ऑगस्टपर्यंत, आमच्या यंत्रांवर वही एक सांगत होती आणि डिस्क दुसरं. या मधल्या काळाची जबाबदारी कुणाचीच नव्हती. माझ्या सगळ्या तक्रारी इथूनच निघतात.

पहिली तक्रार कमिटीकडे. 2021 च्या फेब्रुवारीत तुम्ही ठरवलंत की बुकवर्म या आवृत्तीपासून फक्त एकत्र केलेली मांडणीच चालेल. दिशा ठरली हे उत्तम झालं. पण तिथवर कसं जायचं आणि कोण नेणार, हे मोकळंच राहिलं. तुमची घटना मी वाचली आहे. टेक्निकल कमिटीने तपशीलवार आराखडे करत बसू नये, असं तिच्यात आहे. कुणावरही प्रकल्पाचं काम करायची सक्ती नाही, मात्र रीतसर झालेल्या निर्णयाविरुद्ध कुणी काम करू नये, असंही आहे. दोन्ही कलमं शहाणपणाची आहेत, कारण स्वयंसेवकांना हुकूम सोडता येत नाहीत. पण ही दोन कलमं शेजारी ठेवा आणि त्यांतून मांडणी बदलाचा निर्णय जाऊ द्या. ठरवणारे म्हणतात, आराखडा आमचं काम नाही. साधन सांभाळणारे म्हणतात, हा बदल आमच्या साधनात घेणार नाही, आणि घटनेप्रमाणे त्यांना तसं म्हणता येतं. आग्रह धरणारे म्हणतात, आमच्या यंत्रावर चाललंय. कलम कुणीच मोडलं नाही, काम मात्र तिथेच राहिलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तुम्हालाच सल्ला द्यावा लागला की बुकवर्म बाहेर पडेपर्यंत मेंटेनरांनी एकेक फाइल /बिनमधून /यूएसआर/बिनमध्ये हलवू नये. आपणच ठरवलेल्या दिशेने चालणाऱ्यांना आपणच थांबवायचं, यापेक्षा बोलका पुरावा कुठला हवा? थांबवणं गरजेचं होतं, ते मान्य. पण मग फेब्रुवारीत एवढी कसली घाई होती?

दुसरी तक्रार डीपीकेजीच्या मेंटेनरांकडे. तुमचं साधन मी रोज वापरतो, आणि ते ज्या चोखपणे चालतं त्याबद्दल मनात आदरच आहे. पण 2022 च्या सुमारास तुम्ही भांडण आमच्या टर्मिनलवर आणलंत. डीपीकेजी अपग्रेड होताना इशारा यायला लागला: ही यंत्रणा डीपीकेजीच्या पाठीमागून बदललेली आहे, फाइली गुपचूप नाहीशा होऊ शकतात. शब्दन् शब्द खरा असेलही. पण वाचणाऱ्याने करायचं काय? कमिटी म्हणते, यापुढे हीच मांडणी चालेल. तुमचं पॅकेज म्हणतं, ही मांडणी मोडकी आहे, आणि एकत्रीकरण उलटवून टाकणारं साधनही सोबत देतं. त्यातलं कुठलं ऐकायचं, हे पतसंस्थेच्या सर्व्हरसमोर बसलेल्या माणसाने ठरवायचं? शेवटी कमिटीला मधे पडून तो इशारा बंद करायला लावावं लागलं. मेंटेनरचा निर्णय फिरवायला तीनास एक असं बहुमत लागतं. ते अस्त्र एका छापलेल्या ओळीसाठी काढायची वेळ आली, यात कुणाचीच शोभा झाली नाही.

आक्षेप नोंदवायला तुमच्याकडे मेलिंग लिस्ट आहेत, बग नोंदी आहेत, स्वतःचं विकी पान आहे. तिथे कितीही कडक लिहा. आमचा पडदा त्यासाठी नाही.

तिसरी तक्रार आग्रह धरणाऱ्यांकडे, आणि खरं सांगायचं तर माझा सगळ्यात जास्त राग इथे आहे. "फेडोरात झालं, उबुंटूत झालं, कुणाचं काही मोडलं नाही," हे वाक्य तुमच्याकडून इतक्या वेळा आलं की ते मुद्दा राहिलं नाही, पालुपद झालं. वर सांगितलेला फाइल हरवण्याचा प्रकार घडायला दोन गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात: फाइलीचा पत्ता बदलायला हवा आणि पॅकेजही बदलायला हवं. फाइली हलवूच नका असा सल्ला असताना तो घडणार कसा? मोडलं नाही, कारण हलवलं नव्हतं. तक्रारी आल्या नाहीत हा पुरावा धरून तुम्ही समोरच्याला भित्रा ठरवलंत. 2018-19 मध्येही असंच झालं होतं. एकत्र केलेल्या यंत्रावर बांधलेल्या पॅकेजात सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेचा पत्ता /यूएसआर/बिन/सेड असा कोरला जातो, आणि एकत्र न केलेल्या यंत्रावर ते पॅकेज कोसळतं, कारण तिथे सेड फक्त /बिनमध्ये असतं. ही अडचण दाखवणाऱ्यांनाही आधी तुम्ही अडेलतट्टू म्हणालात आणि मग पॅकेजं बांधणारी यंत्रं बुकवर्म बाहेर पडेपर्यंत जुन्याच मांडणीवर ठेवावी लागली.

चौथी गोष्ट तक्रार म्हणून लिहू की लाज म्हणून, कळत नाही. हा गुंता अखेर सुटला तो डेबियनचे डेव्हलपर हेल्मुट ग्रोने यांनी 2023 मध्ये तो अंगावर घेतल्यावर. त्यांनी आधी नुसती यादी केली: कुठल्या कुठल्या प्रकाराने फाइल हरवते, कुठे पहारा उठतो, कुठल्या प्रकारावर कुठला उतारा चालतो. ती डीईपी-17 या सुधारणा-प्रस्तावात सगळ्यांसमोर ठेवली. मग अख्खा संग्रह चाळून धोक्याच्या जागा शोधणारं डुमॅट नावाचं साधन लिहिलं, पॅकेजागणिक बग नोंदवले, पॅच दिले. त्यातल्या काही वेळाचा खर्च फ्रेक्झियन या कंपनीने उचलला. मग कमिटीने फाइली न हलवण्याचा सल्ला मागे घेतला, शेकडो पॅकेजं हलली, आणि 2024 मध्ये त्या सिमलिंक अखेर बेस-फाइल्स या पॅकेजाच्या नावावर चढल्या. /लिब64 हाही त्यांतलाच एक पत्ता. तिथला, प्रोग्राम सुरू करून देणारा लोडर सापडला नाही, तर यंत्रावर फाइलींची यादी दाखवणारं साधं एलएससुद्धा चालत नाही. चालत्या यंत्रावर, अपग्रेडच्या मधोमध, हे सगळं हलवलं गेलं आणि बहुतेकांना कळलंही नाही. कौतुक करावं तेवढं थोडं. पण इतक्या मोठ्या प्रकल्पाने घेतलेला निर्णय एक माणूस पुढे येईपर्यंत दोन वर्षं लटकतो, याला व्यवस्था म्हणत नाहीत. ते नशीब झालं.

पाचवी तक्रार आम्हा बाहेरच्यांची. डुमॅटने तुमचा संग्रह चाळला. माझी रिपॉझिटरी, म्हणजे माझ्या पॅकेजांचा साठा, चाळायला कोण येणार? आमच्याकडे उपकरण विकणाऱ्यांचे ड्रायव्हर कसे येतात ते ऐका. एका विक्रेत्याच्या टोकनबरोबर (नाव घेत नाही, तो एकटाच असं करत नाही) आलेल्या कागदावर सरळ लिहिलेलं होतं: रूट (सर्वाधिकारी) व्हा आणि ही टार फाइल (फाइलींचं गाठोडं) मुळाशी, म्हणजे / या सर्वांत वरच्या डिरेक्टरीत, उलगडा. टारमध्ये /लिब ही डिरेक्टरी म्हणून नोंदलेली. जीएनयू टारला तिथे सिमलिंक दिसली, तर वेगळं सांगितलं नसेल तेव्हा ते ती सिमलिंक काढून खरीखुरी डिरेक्टरी बनवतं. त्या क्षणी /लिबमध्ये ड्रायव्हरच्या दोन फाइली सोडून काहीही नसतं, आणि पुढचं बूट विसरा. सिमलिंक जपायचा एक पर्याय टारमध्ये आहे, पण तो माहीत असलेले लोक असले कागद छापत नाहीत. मी तो कागद वाचला आणि टार आधी वेगळ्या डिरेक्टरीत उलगडून बघितली, म्हणून यंत्र वाचलं. तुम्ही म्हणाल, दोष विक्रेत्याचा. आहेच. पण पूर्वी जी सवय फक्त गचाळ होती ती तुमच्या बदलानंतर घातक झाली, आणि हे सांगणारं एकही पान असं नाही जे मी त्या विक्रेत्याच्या तोंडावर धरू शकेन. रिलीज नोट्स अपग्रेड करणाऱ्याला उद्देशून असतात. घरची पॅकेजं बांधणाऱ्यासाठी त्यांत फारसं काही नसतं. यूडेव्हचे नियम आता कुठल्या पत्त्यावर ठेवायचे, सिस्टिमडीच्या युनिट कुठे, जुन्या पत्त्यावरून नव्यावर जाताना पॅकेजचं नावही बदलत असेल तर काय काळजी घ्यायची, हे मला मेंटेनरांची आपापसातली पत्रं वाचून जुळवावं लागलं.

हे सगळं आता कशाला उगाळायचं, ट्रिक्सी तर बाहेर पडली, असं कुणी म्हणेल. उगाळतोय, कारण रांग संपलेली नाही. फेडोराने 2025 च्या एप्रिलमध्ये, 42 व्या आवृत्तीत, /यूएसआर/एसबिनसुद्धा /यूएसआर/बिनमध्ये मिसळलं. तो प्रश्न आज ना उद्या तुमच्या दारात येणार. मूळ सेटिंग /ईटीसीमधून काढून /यूएसआरखाली न्यायची ओढ वाढते आहे. /रन/लॉक होऊनच गेलं. आणि या प्रत्येक वेळी पहिला सवाल-जवाब मागच्याच वळणाचा: मूळ प्रकल्प पुढे गेलाय विरुद्ध आमचं मोडेल.

म्हणून मागण्या. पहिली मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. तेवढी मान्य झाली तरी उरलेल्यांवर मी घासाघीस करायला तयार आहे.

मांडणीच्या बदलाचा कुठलाही निर्णय कमिटीने तेव्हाच अमलात आणावा जेव्हा त्याच्यासोबत तो तडीस नेणाऱ्यांची नावं असतील, त्यांच्या संमतीसह. आराखडा कमिटीने करू नये हे कलम राहू द्या. आराखडा कुणाचा तरी तयार आहे एवढं विचारायला ते कलम आड येत नाही. नावं नसतील तर ठरावात लिहा: दिशा मान्य, अंमल स्थगित. स्वयंसेवकांवर सक्ती नको, पण कुणी हात वर केलेला नसताना तारीखही नको.

अशा बदलाआधी डीपीकेजीच्या मेंटेनरांनी एक लेखी उत्तर द्यावं: आमचं साधन हा बदल पेलेल, किंवा अमुक कारणांनी पेलणार नाही. "नाही" हेही उत्तर चालेल. एकत्रीकरणातही शेवटी डीपीकेजीला काही शिकवलं गेलं नाही, पॅकेजंच हलवली गेली आणि ते तडीस गेलं. पण तो "नाही" सगळ्यांनी पक्का धरायलाच दोन वर्षं गेली. तो पहिल्या महिन्यात मिळाला असता तर पुढचं गणित तेव्हाच मांडता आलं असतं.

वापरणाऱ्याच्या पडद्यावर इशारा तेव्हाच यावा जेव्हा त्यावर वापरणाऱ्याने करायची एखादी कृती असेल आणि ती कृती प्रकल्पाला मान्य असेल.

डुमॅटसारखी तपासणी बदल सुरू व्हायच्या आधी चालवा, आणि ती बाहेरच्या रिपॉझिटरीवर चालवता येईल अशी पॅकेज करून द्या. माझ्या पॅकेजांवर ती मी रात्री लावून झोपेन, तुम्हाला त्रास देणार नाही.

आणि घरची पॅकेजं बांधणाऱ्यांसाठी एक पान. मांडणीत काय बदललं, आपल्या पॅकेजात काय तपासायचं, मुळाशी टार का उलगडायची नाही. एकच पान, पण अधिकृत, डेबियनच्या नावाने, म्हणजे विक्रेत्याला दाखवता येईल. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत बोलतो, कारण कुणीतरी बसून त्याचा शब्दन् शब्द मराठीत आणला. या पानाचं मराठी मी करून देईन, आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ताजं ठेवीन. त्या कामापुढे माझं नाव लिहायला हरकत नाही.

2023 च्या सप्टेंबरात तुमच्यापैकी बरेच जण डेबकॉन्फ या तुमच्या परिषदेसाठी कोचीला येऊन गेलात. म्हणजे इकडे डेबियन कोण आणि कसल्या यंत्रांवर वापरतं, हे तुम्ही थोडंफार पाहिलं असेल. /एसबिनचा विषय निघेल तेव्हा वरची पहिली मागणी ठरावाच्या मसुद्यात आहे की नाही, हे मी पाहणार आहे. नसेल तर तुमच्या सार्वजनिक पत्त्यावर तेच विचारीन: नावं कुठे आहेत?

कळावे, लोभ असावा.

आपला,
डेबियनचा एक वापरकर्ता आणि घरगुती पॅकेज मेंटेनर,
सांगली